‘बाउ आउट’ कोणाला लावायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणुकीचा किंवा क्रिकेटचा हंगाम आला की इंग्रजी बातम्यांत एक क्रियापद हमखास डोकावते : ‘बाउ आउट’ (bow out). त्या बातम्यांचे मराठी होऊन त्या आपल्या पानांवर येतात तेव्हा त्याचे कधी ‘माघार’ होते, कधी ‘सन्मानाने निवृत्ती’, तर कधी चक्क ‘झुकले’. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत तर त्याच्यापुढे ‘माघार घेणे’ एवढा एकच अर्थ छापलेला असतो, आणि सांगली, मिरज, तासगावच्या अभ्यासिकांत बसलेली मुले तेवढाच पाठ करतात. तलाठी भरतीसारख्या परीक्षेत इंग्रजीला मराठीइतकेच प्रश्न असतात, त्यामुळे एका शब्दाने गुण जातो हे निराळेच. इंग्रजी शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र मिळून लिहीत आहोत. ते लांबले आहे. कात्री लावावी लागली तर कृपया शेवटाकडून लावावी.

आधी उच्चार, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. इंग्रजीत ‘bow’ हे एकच स्पेलिंग दोन तऱ्हांनी वाचतात. धनुष्य, व्हायोलिन वाजवायचा गज किंवा रिबिनीची गाठ असेल तर ‘बो’, ‘रेनबो’मधल्यासारखा. मान लववणे असेल तर ‘बाउ’, ‘नाउ’ आणि ‘काउ’शी यमक जुळणारा. आपला शब्द दुसरा. भूतकाळ ‘बाउड आउट’. टीव्हीवर निवेदक घाईत बोलला की दोन्ही शब्द चिकटतात आणि कानाला ‘बाउट’ असे काहीतरी लागते. आपल्या भागात ‘बाउट’ म्हणजे मॅटवरची कुस्ती हे पोराटोरांनाही माहीत, त्यामुळे ‘ही बाउड आउट इन द सेकंड राउंड’ ऐकून दुसऱ्या फेरीत त्याची कुस्ती झाली असा अर्थ लावणारे विद्यार्थी वर्गात भेटतात. त्यांची चूक समजण्यासारखी आहे.

अर्थाकडे येताना मान लववण्याची ही कृती डोळ्यांपुढे ठेवावी. वरिष्ठांसमोरून निघताना पाठ न दाखवता, वाकून मग बाहेर पडायचे ही दरबारी रीत. न्यायालयाच्या दालनातून बाहेर पडताना वकील आजही न्यायाधीशांकडे वळून मान लववतात, ती तिचीच चुलत बहीण. रंगमंचावर प्रयोग संपला की नट पुन्हा पुढे येतात, प्रेक्षकांना वाकून अभिवादन करतात आणि विंगेत जातात. या दोन्हींत जाणारा माणूस स्वतःच्या पायांनी जातो, समोरच्याला जाणीव देऊन जातो, आणि गेल्यावर त्याचा त्या ठिकाणचा भाग संपलेला असतो. सांगलीकराला यात थोडी गंमत वाटावी. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने याच गावात नाटक उभे केले, त्या परंपरेत वंदन असायचे ते आरंभाला : सूत्रधाराचे मंगलाचरण, मग गणपती, मग सरस्वती. प्रयोगाअखेर नटांनी ओळीत उभे राहून वाकायची पद्धत आपण पुढे उचलली. म्हणून वाकणे आणि निघून जाणे यांची सांगड इंग्रजी कानाला जितकी सहज वाटते तितकी ती आपल्याला वाटत नाही. आपल्या कानाला वाकणे म्हणजे नमते घेणे.

‘झुकले’ हे भाषांतर इथूनच येते. ‘बाउ’ला ‘टू’ जोडला की तो अर्थ खरोखर आहे : ‘द बोर्ड बाउड टू प्रेशर’ म्हणजे मंडळ दबावापुढे झुकले. ‘आउट’ जोडला की तो अर्थ गळतो, झुकायला समोर कोणी उरतच नाही. याच कुटुंबातली आणखी दोन रूपे फसवतात. ‘टेक अ बाउ’ म्हणजे दाद स्वीकारणे. समालोचक एखाद्या फलंदाजाला उद्देशून ‘टेक अ बाउ’ म्हणतो तेव्हा त्याला कोणी घरी पाठवत नसते, तो शतक झळकावून पुढच्या चेंडूला तयार असतो. आणि ‘बाउ अँड स्क्रेप’ म्हणजे लाळघोटेपणा, पायघड्या घालणे. ‘बाउ समवन आउट’ असाही एक जुना प्रयोग आहे, त्यात पाहुण्याला वाकून दारापर्यंत पोचवणारा यजमान वाकतो आणि पाहुणा जातो. जुन्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांनी तेवढे लक्षात ठेवावे, एरवी त्याची गाठ पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘बाउ आउट’ लावायचे की नाही हे ठरवताना एकच प्रश्न विचारावा : जायचे कोणी ठरवले? जाणाऱ्याने ठरवले असेल तर हे क्रियापद बसते. दुसऱ्याने काढले, पक्षाने तिकीट कापले, संचालक मंडळाने अविश्वास ठराव आणला, तर बसत नाही. किती यश मिळवून गेला याच्याशी त्याचा संबंध नाही. डॉन ब्रॅडमन १९४८ मध्ये ओव्हलवर शेवटच्या कसोटी डावात शून्यावर बाद झाले आणि सरासरी ९९.९४ वर अडकली, तरी इंग्रजीत ते ‘बाउड आउट विथ अ डक’. सुनील गावसकरांची शेवटची कसोटी खेळी मार्च १९८७ मधली, बंगळूरला पाकिस्तानविरुद्ध ९६ धावांची. तेही ‘बाउड आउट’, ‘विथ नाइन्टी-सिक्स’. भोपळा काय आणि शतकाच्या उंबरठ्यावरची खेळी काय, क्रियापद एकच, कारण दोघांनीही जायचे स्वतः ठरवले होते.

मग त्याच्यामागे ‘ग्रेसफुली’ का लावतात? याचे उत्तर बहुतेक मार्गदर्शकांत सापडत नाही, आणि ‘सन्मानाने’ हे विशेषण सगळीकडे चिकटण्याचे मूळही इथेच आहे. ‘बाउ आउट’मध्ये मुळातच शालीनता भरलेली असती तर ‘ग्रेसफुली’ची गरज पडली नसती. मूळ चित्रात ती होती, पण वापरून वापरून झिजली. आज एकटे ‘बाउ आउट’ म्हणजे नुसते बाहेर पडणे, फार तर न कुरकुरता बाहेर पडणे. शालीनता सांगायची असेल तर ‘ग्रेसफुली’ म्हणावे लागते, गाजावाजा न करता जाणे सांगायचे असेल तर ‘क्वाएटली’, थाटात जाणे असेल तर ‘इन स्टाइल’. महेंद्रसिंह धोनी ३० डिसेंबर २०१४ रोजी मेलबर्नची कसोटी संपल्यावर, मालिकेतली एक कसोटी बाकी असताना, कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाला. निरोपाचा सामना नाही, भाषण नाही. हे ‘क्वाएटली’. सचिन तेंडुलकरने १० ऑक्टोबर २०१३ ला आधी जाहीर केले, मग नोव्हेंबरात वानखेडेवर दोनशेवी कसोटी खेळली, ७४ धावा केल्या, सामना संपल्यावर मैदानातच लांबलचक भाषण करून एकेकाचे आभार मानले आणि जाताना खेळपट्टीला हात लावून नमस्कार केला. मूळ वाक्प्रचारातले वाकणेसुद्धा तिथे शब्दशः घडले. म्हणून भाषांतरकाराने नियम ठेवावा : इंग्रजीत ‘ग्रेसफुली’ असेल किंवा प्रसंगातून ते स्पष्ट दिसत असेल तरच मराठीत ‘सन्मानाने’ किंवा ‘मानाने’ लिहावे. नसेल तर ते आपल्या पदरचे घालू नये.

स्वेच्छेच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो क्रीडापानावर रोज दिसतो. बाद फेरीच्या स्पर्धेत जो हरतो तो ‘बाउज आउट’. इथे कोणी काही ठरवलेले नसते, हरला म्हणून गेला. २०१९ च्या विश्वचषकात मँचेस्टरला न्यूझीलंडने भारताला १८ धावांनी हरवले, त्या दिवशी ‘इंडिया बाउ आउट’ हा मथळा अगदी बरोबर होता. असा सौम्य शब्द इंग्रजी पत्रकारांना आवडतो, हरलेल्याला फार न झोंबता बातमी सांगता येते. मराठीत याला ‘माघार’ म्हणणे मात्र चूक, कारण माघार म्हणजे न खेळता बाहेर पडणे, आणि त्याला इंग्रजीत ‘विथड्रॉ’ किंवा ‘पुल आउट’. टेनिसमधल्या बातम्यांत हा गोंधळ हमखास होतो. खेळाडू तिसऱ्या फेरीत हरला आणि आपल्याकडे छापले गेले की त्याने स्पर्धेतून माघार घेतली, तर वाचक दुखापत शोधत बसतो. आपल्या क्रीडापानांकडे यासाठी उत्तम मराठी आहे : ‘आव्हान संपुष्टात’. तेच वापरावे. ‘गाशा गुंडाळला’ चालेल, पण त्यात नामुष्कीची छटा आहे आणि मूळ इंग्रजीत ती नसते. अंतिम फेरीत हरलेल्याला ‘बाउ आउट’ सहसा लावत नाहीत, कारण स्पर्धाच तिथे संपते, बाहेर पडायला पुढे काही उरलेले नसते. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत भारत हरला तेव्हा तो उपविजेता ठरला, ‘बाउड आउट’ नव्हे.

पद सोडणे आणि मैदान सोडणे यांत फरक आहे, आणि तो एकाच खेळाडूवरून नीट दाखवता येतो. विराट कोहलीने १५ जानेवारी २०२२ रोजी कसोटी कर्णधारपद सोडले पण खेळत राहिला. ते ‘स्टेप डाउन’, मराठीत पायउतार. १२ मे २०२५ ला त्याने कसोटी क्रिकेटच सोडले. ते ‘बाउ आउट’. पदासाठी ‘बाउ आउट ॲज कॅप्टन’ असेही लिहितात, पण ते कारकीर्दीच्या टोकाला असलेल्या माणसाबद्दल जास्त शोभते.

व्याकरणाचे नियम मोजके आहेत, पण परीक्षेत प्रश्न त्यांच्यावरच येतो. हे क्रियापद अकर्मक. ‘ही वॉज बाउड आउट बाय द कमिटी’ चूक. समितीने काढले असेल तर ‘रिमूव्ह्ड’, ‘फोर्स्ड आउट’ किंवा ‘ईज्ड आउट’ म्हणावे, शेवटचा म्हणजे गोडीगुलाबीने बाहेर ढकलणे. दोन शब्दांच्या मध्ये काही घालता येत नाही, त्यामुळे ‘बाउड ग्रेसफुली आउट’ कानाला बोचते. ‘ग्रेसफुली’ मागे येतो, क्वचित पुढेही चालतो. ज्यातून बाहेर पडायचे त्याआधी ‘ऑफ’ : ‘बाउ आउट ऑफ द रेस’. ‘फ्रॉम’ही छापलेला दिसतो, परीक्षेत मात्र ‘ऑफ’ धरावा. कोणत्या टप्प्यावर हे सांगताना ‘इन’ किंवा ‘ॲट’, अखेरची कामगिरी सांगताना ‘विथ’. मुलांना सरावासाठी असे वाक्य द्यावे : ‘आफ्टर टू डिकेड्स ॲज सेक्रेटरी, शी ___ ग्रेसफुली’. पर्याय ‘बॅक्ड आउट’, ‘बाउड आउट’, ‘बेल्ड आउट’, ‘बॉट आउट’. चारही ‘ब’ने सुरू होतात, आणि परीक्षक असेच फसवतो. ‘बॅक आउट’ म्हणजे दिलेला शब्द फिरवणे. दोन दशके काम केल्यावर शब्द फिरवायचा प्रश्न उरत नाही, म्हणून तो गळतो. ‘बेल आउट’ म्हणजे अडचणीतून पैशाने सोडवणे, किंवा विमानातून उडी टाकणे. ‘बाय आउट’ म्हणजे दुसऱ्याचा हिस्सा विकत घेणे. उरला तो एकच.

‘बॅक आउट’ आणि ‘बाउ आउट’ यांतला फरक मराठीत आपोआप कळतो. गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातल्या भागीदाराने पैसे घालायचे कबूल केले आणि ऐनवेळी हात वर केले, हे ‘बॅक आउट’. कामाचा वर्षभराचा हिशेब पुरा करून, भागीदारी पुढच्याच्या नावे करून तो बाजूला झाला, हे ‘बाउ आउट’. ‘ड्रॉप आउट’ यांच्या मधले : अर्ध्यावर सोडले, का सोडले ते सांगितलेले नाही. ‘वॉक आउट’ म्हणजे रागाने उठून जाणे, सभात्याग. जिल्हा परिषदेच्या सभेतून सदस्य उठून गेले तर ते ‘वॉक्ड आउट’. ते कितीही हसतमुखाने गेले तरी ‘बाउड आउट’ होणार नाही.

राजकारणात हा शब्द सर्वात जास्त बिघडतो, म्हणून तिथे जरा थांबायला हवे. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी मागे घेण्याची कृती कायद्याने बांधलेली आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ३७ नुसार उमेदवाराने सही केलेली लेखी सूचना, नमुना ५ मध्ये, ठरलेल्या दिवशी दुपारी ३ वाजण्याच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचली पाहिजे. ती उमेदवाराने स्वतः द्यावी, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने अथवा निवडणूक प्रतिनिधीने. अधिकारी सूचना खरी आहे का आणि देणारा कोण आहे याची खात्री करतो. एकदा दिलेली सूचना रद्द करता येत नाही. माघारीचा दिवस अर्जांच्या छाननीनंतरचा दुसरा दिवस असतो, सुटी आली तर पुढचा कामाचा दिवस. वेळेत माघार घेतली तर अनामत परत मिळते : लोकसभेला २५,००० रुपये, विधानसभेला १०,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना याच्या निम्मी. ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिका यांचे नियम वेगळे आहेत आणि ते राज्य निवडणूक आयोगाकडून येतात, पण मुदतीचे तत्त्व तिथेही आहे.

या सगळ्याला इंग्रजीत एकच क्रियापद आहे, ‘विथड्रॉ’. ‘बाउ आउट’ हा बातमीदाराचा शब्द आहे, कायद्याचा नाही, आणि त्याचा उपयोग नेमका तिथे आहे जिथे कायद्याचा शब्द लागू पडत नाही. समजा तीन वाजून गेले, अर्ज राहिला, आणि चार दिवसांनी उमेदवाराने पत्रकार परिषद घेऊन दुसऱ्याला पाठिंबा जाहीर केला. त्याने ‘विथड्रॉ’ केलेले नाही. मतदान यंत्रावर त्याचे नाव आणि चिन्ह राहणारच, त्याला मतेही पडतील, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त पडली नाहीत तर अनामतही जाईल. पण तो ‘बाउड आउट ऑफ द कंटेस्ट’ खरा. मराठीत अशा वेळी ‘उमेदवारी मागे घेतली’ छापणे धोक्याचे आहे. मतदार समजतो नाव गेले, आणि केंद्रावर ते दिसले की गोंधळतो. ‘निवडणूक रिंगणातून बाजूला झाल्याचे जाहीर केले’ असे लिहिले तर बातमी खरी राहते.

माघार घेण्यासाठी पैसे किंवा काही आमिष दिले-घेतले गेले असेल तर त्याच कायद्याच्या कलम १२३ खाली ते भ्रष्ट आचरण ठरते. अशा माघारीला इंग्रजीत ‘बॉट ऑफ’ म्हणतात. गावात ‘समजूत काढली’ म्हणतात. समजूत खरोखरच काढली असेल तर प्रश्न नाही, पण बिनविरोधच्या बातम्यांत हा शब्द जितक्या सढळ हाताने वापरला जातो तितक्या समजुती निघत असतील असे वाटत नाही.

जाहीर केले म्हणजे गेला, असेही नाही. शरद पवारांनी २ मे २०२३ ला पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचे सांगितले आणि ५ मे रोजी निर्णय मागे घेतला. मधले तीन दिवस इंग्रजी मथळ्यांत काहीही आले असो, शेवटी ते ‘बाउ आउट’ झाले नाही, कारण या क्रियापदात परत येणे बसत नाही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर तासगावच्या आर. आर. पाटलांनी, म्हणजे आबांनी, १ डिसेंबरला उपमुख्यमंत्रिपदाचा आणि गृहखात्याचा राजीनामा दिला. तासगावकरांना त्याबद्दल काहीही वाटो, इंग्रजीत ते ‘रिझाइन्ड’ किंवा ‘स्टेप्ड डाउन’. घटनेच्या दडपणाखाली पद सोडणे आणि आपली पाळी संपली म्हणून जाणे वेगळे. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण १९६२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे मराठीने त्याचे केलेले वर्णन एवढे चपखल आहे की इंग्रजीकडे पाहायचीही गरज नाही. ते एका मंचावरून मोठ्या मंचावर गेले, म्हणून ‘बाउ आउट’ लावायला जागाच नाही. याउलट जो बायडन यांनी २१ जुलै २०२४ ला पत्र प्रसिद्ध करून अध्यक्षपदाच्या शर्यतीतून अंग काढले तेव्हा ‘ड्रॉप आउट’, ‘स्टेप असाइड’, ‘बाउ आउट’ अशी तिन्ही क्रियापदे एकाच दिवशी छापली गेली. पहिले कोरडे, दुसऱ्यात दुसऱ्याला वाट करून देणे, तिसऱ्यात सहानुभूती. कोणत्या पत्राने कोणते निवडले यावरून त्याचा कल कळत होता. मराठीत तिन्हींना ‘माघार’ म्हटले की ती माहिती वाचकापर्यंत पोचत नाही.

तेव्हा आपल्या उपसंपादकांनी काय लिहावे? एकच प्रतिशब्द शोधू नये. ज्येष्ठ कलावंत, खेळाडू, समालोचक यांच्या बाबतीत ‘निरोप घेतला’ पुरतो. संस्थेचा अध्यक्ष असेल तर ‘सूत्रे सुपूर्द केली’. स्पर्धेतला हरलेला असेल तर ‘आव्हान संपुष्टात’. उमेदवार मुदतीत गेला तर ‘अर्ज मागे घेतला’, मुदतीनंतर गेला तर ‘बाजूला झाला’. वाटाघाटी, भागीदारी, प्रकल्प यांतून गेला तर ‘अंग काढून घेतले’, यात किंचित नाराजी असते. ‘काढता पाय घेतला’ मात्र यांपैकी कशालाही लावू नये. अवघड प्रसंग येताना दिसला आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी सटकला, असा त्याचा अर्थ आहे, म्हणजे ‘बाउ आउट’च्या नेमका उलटा, कारण तिथे सगळ्यांसमोर वाकून जायचे असते. ‘हात झटकले’ तर त्याहून वाईट, त्यात जबाबदारी नाकारणे आहे. आणि ‘एक्झिट’ हा शब्द मराठी पत्रांत आता मृत्यूसाठी इतका वापरला जातो की जिवंत माणसाच्या निवृत्तीला तो लावताना दोनदा विचार करावा.

राहिला रोजच्या बोलण्यातला वापर, जो पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत लागलेल्या आपल्या मुलांना पहिल्या महिन्यात भेटतो. सहकारी म्हणतो, ‘आय विल बाउ आउट ऑफ धिस वन’. याचा अर्थ एवढाच की या वेळच्या जेवणाला, बैठकीला किंवा वादाला मला धरू नका. नोकरी सोडतोय असा त्याचा अर्थ नाही. नवीन मुलगा दचकून ‘का, काय झाले?’ विचारतो. हे नकाराचे सभ्य रूप आहे. त्यामागचे कारण विचारण्याची गरज नसते, उत्तर ‘शुअर’ एवढेच. स्वतः वापरायचे असेल तर आधी होकार दिलेला नसावा. होकार देऊन मग हे वाक्य म्हटले तर समोरचा मनात ‘बॅक आउट’च ऐकतो.

आणि लेखी वापरायचे झाले तर सांभाळून. मुलाखतीला बोलावलेल्या संस्थेला नकार कळवताना, समितीचा राजीनामा देताना ‘आय ॲम बाउइंग आउट’ लिहू नये. स्वतःबद्दल लिहिले की ते नाटकी वाटते, जणू टाळ्यांची वाट पाहतो आहे. तिथे ‘विथड्रॉ’ किंवा ‘रिझाइन’ हे कोरडे शब्दच हवेत. चार वाक्ये पुरतात. पहिल्यात निर्णय आणि तारीख : ‘आय विश टू विथड्रॉ माय ॲप्लिकेशन फॉर द पोस्ट ऑफ...’, पुढे पदाचे नाव आणि अर्जाचा क्रमांक. दुसऱ्यात आभार, नेमके कशाचे ते सांगून. तिसऱ्यात हाती असलेले काम, किल्ल्या, फाइली, पासवर्ड कोणाकडे कधी देणार. चौथ्यात शुभेच्छा. कारण द्यायचे तर अर्ध्या ओळीत, ‘फॉर पर्सनल रीझन्स’ पुरे. चूक होते ती तिसऱ्या वाक्यात, ते बहुतेक पत्रांत नसतेच, आणि मग महिनाभर फोन येत राहतात. दुसरी चूक म्हणजे कारणाचा परिच्छेद : प्रत्येक कारण वाचणाऱ्याला उत्तर द्यायला एक जागा देते, आणि मनधरणी सुरू होते. ई-मेल असेल तर विषयाच्या ओळीत ‘विथड्रॉल’ किंवा ‘रेझिग्नेशन’ हा शब्द स्पष्ट असावा, नुसते ‘रिगार्डिंग’ लिहिलेले पत्र दोन दिवस कोणी उघडत नाही.

आपले,
इंग्रजी विषयाचे काही शिक्षक,
सांगली-मिरज